ढावलोचे दोन तुकडे

आर्णीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि त्याला लागून कय्युमचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत इतकी पातळ, की त्याच्याकडे कुणी शिंकलं तर माझ्या गिऱ्हाइकाचा पाय उंबऱ्यात थबकतो. त्यामुळे या माणसाबद्दल मी सांगतो ते ऐकीव नाही. निम्मं रागानं सांगतो, एवढं मात्र खरं.

कय्युम कॅसेटच्या काळापासून लग्नांचं शूटिंग करतो. मांडवात तो आणि बायकांत त्याची बायको जोहराबी, अशी वाटणी होती. परक्या पुरुषासमोर बायका मोकळेपणानं रडत नाहीत, म्हणून पाठवणीच्या वेळी कॅमेरा जोहराबीच्या खांद्यावर. नंतर संगणकावर बसून सगळं जोडायचीही तीच. या धंद्याची रीत अशी, की खरा आवाज पुसायचा आणि वर सिनेमातलं गाणं चढवायचं. जनरेटरची घरघर, व्याह्यांची भांडणं, आचाऱ्याच्या शिव्या, सगळं त्या गाण्याखाली झाकलं जातं. गिऱ्हाईकही खूश.

मागच्या वर्षी जोहराबी किडनीच्या दुखण्यानं गेली. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली आणि कय्युमनं शटर उघडलं. तो रडला नाही. चहा मागवायचा आणि त्यावर साय धरेपर्यंत तसाच ठेवायचा. लग्नं घ्यायचा, वेळेवर द्यायचा, कुणी वाईट वाटल्याचं बोललं की मान हलवायचा. मी भिंतीपलीकडून काय काय बोललो असेन! नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. शेवटी मला त्याचा रागच यायला लागला. मी बहीण मानलेली बाई गेली होती, आणि नवरा पासपोर्ट फोटो कापत बसला होता.

लग्नसराईच्या तोंडावर एका दुपारी जवळच्या तांड्यावरची रुपीबाई आली. मी ब्लाउजचं माप घेण्यासाठी उठलो, पण ती माझ्याकडे आलीच नव्हती.

"कय्युमभाऊ, बबिताच्या लग्नातला ढावलो पायजे."

बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो.

"सीडी देल्ली होती ना," कय्युम म्हणाला.

"सीडीत गानं हाय. बबिता तोंड हालवते आन आवाज भलत्याच बाईचा येते."

बबिता म्हणजे तिची थोरली. लग्नानंतर दोन वर्षांत काविळीनं गेली. आता धाकट्या खुशीचं लग्न ठरलं होतं, आणि खुशीला ढावलो येत नव्हता.

"माह्या गळ्यातून आता निंघत नाई," रुपीबाई म्हणाली. "खुशी म्हनते, बहिनीचा आयकून शिकतो. असन का, भाऊ, तिचा आवाज?"

कय्युमनं कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जुनी हार्ड डिस्क काढली. जोहराबी गेल्यापासून ती तिथंच होती. जोडलेल्या लग्नांसोबत न पुसलेलं मूळ शूटिंगही जोहराबी त्यात ठेवायची. बबिताचं लग्न सापडलं. पण ढावलो मधेच तुटलेला, अर्धा एका फाईलमध्ये आणि अर्धा दुसऱ्या.

"कॅमेरा चार जीबीवर फाईल तोडते," कय्युम म्हणाला. "जोडून देतो, पन जोडली का फाईल मोठी होते. आन हे डिस्क जुन्या पद्धतीची, चार जीबीच्या वरची फाईल घेतच नाई. पीसीत जागा नाई, आन पेनड्राइव्हवर जोडकाम मधातच अडकते."

"तुटका नको रे बाबा. पोरगी तिथंच अडकन."

मग कय्युमनं डिस्कची पद्धतच बदलायचं ठरवलं. आतलं काही न पुसता तसं करता येतं म्हणे. मला शिंप्याला कळलं ते एवढंच, की अंगातला सदरा न काढता त्याची सगळी शिलाई उसवायची आणि पुन्हा घालायची.

"मधातच लाइट गेली तं?" मी विचारलं.

"तं सगळंच जाऊ शकते."

"नाई जमलं तं पहिल्यासारखं करता येते का?"

"नाई. परत यायचं तं सगळं पुसा लागते."

"मंग आधी दुसरीकडे काढून ठेव ना!"

"ठेवले. बबिताचे दोनी तुकडे पेनड्राइव्हवर घेतले."

"आन बाकीचं?"

बाकीचं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या डिस्कवर जोहराबीनं केलेलं प्रत्येक शूटिंग होतं. तिच्या घरची ईद होती. ती कॅमेरा शिकत असताना तो चुकून चालू राहिला आणि ती कय्युमवर कडाडली, तेही होतं. तिचा आवाज दुसरीकडे कुठंही नव्हता.

"बाकीचं कोनी मागत नाई," कय्युम म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "तू नाई मागत का? मानूस हायस का खुंटा?"

"इस्त्री बंद करा, नानाजी. बॅटरीवर लोड नको."

आमच्या दोन दुकानांत एकच इन्व्हर्टर. मी शिव्या देत इस्त्री बंद केली आणि त्याच्या दारात येऊन उभा राहिलो. डिस्क काठोकाठ भरलेली होती आणि पद्धत बदलायला थोडी जागा रिकामी लागते, म्हणून त्यानं बबिताचं गाणं चढवलेलं लग्न पुसून टाकलं. डिस्कमध्ये काही बिघाड नाही ना, ते तपासलं. मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करून बटण दाबलं.

पांढरी अक्षरं सरकत होती, तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावत थांबला. पडदा मात्र चालू राहिला, इन्व्हर्टरनं धरलं होतं. रुपीबाई हात जोडून त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे बघत होती. कय्युम उशिरा येणाऱ्या एसटीची वाट बघावी तसा बसला होता. शेवटी अक्षरं थांबली.

"झालं," तो म्हणाला. "सगळं हाय."

त्यानं दोन्ही तुकडे जोडले आणि लावले. बबिता आईच्या गळ्यात पडली. "याडी..." म्हणजे आई, असा लांब सूर निघाला आणि रुपीबाईनं पदर तोंडात कोंबला. तुटलेली जागा कुठं आली नि गेली, कळलंसुद्धा नाही. पण त्यानंतर आणखी एक हुंदका ऐकू यायला लागला. बबिताचा नव्हे. अगदी जवळचा, कॅमेऱ्याला चिकटलेला. चित्रही थरथरत होतं.

"हे कोन रडून राह्यली?" रुपीबाईनं विचारलं.

कय्युमचा हात माउसवर तसाच राहिला.

"जोहरा," तो म्हणाला. "कॅमेरा तिच्यापाशी होता." मग गिऱ्हाइकाशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "साफ करून देतो. कमी करता येते तिचा आवाज."

"काहून? माह्या पोरीसाठी रडली ते. राहू दे तिले."

त्यानं राहू दिलं. गाणंही चढवलं नाही. पेनड्राइव्ह नव्या पद्धतीची करून त्यात अख्खा ढावलो भरून दिला. रुपीबाई ती पदराच्या गाठीत बांधून गेली.

कय्युमनं तेवढा भाग पुन्हा लावला. बबिता, मग तो दुसरा हुंदका. पुन्हा लावला. तो रडला नाही, मी खोटं सांगणार नाही. मी निघायला वळलो तेव्हा त्यानं हाक मारली.

"नानाजी, रिकामी डिस्क भेटन का कोनापाशी? मोठी पायजे."

"कायले?" मी मुद्दाम विचारलं.

"बाकीचं काढून ठेवतो."

मी इस्त्री तशीच बंद ठेवली आणि स्कूटरची चावी घेतली.