अहवालाच्या तळाची ओळ

सांगलीत एमडी करताना दुसऱ्या वर्षी मला प्रबंधाचा विषय मिळाला. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या लाल पेशींची तुलना करायची होती. रक्त दोघांनाही कमी. दोघंही फिकट दिसतात, जिना चढताना धापा टाकतात. पण कारणं अगदी वेगळी. मूत्रपिंडं थकली की हाडांतल्या मगजाला पेशी बनवायचा निरोपच नीट पोचत नाही. पेशी थोड्याच बनतात, पण बनतात त्या नेहमीच्या मापाच्या. थॅलेसेमियात निरोप पोचतो, मगज जिवाच्या आकांतानं राबतो, पण आईबापांकडून आलेल्या दोषामुळं पेशी खुरट्या आणि फिक्या निघतात. यंत्रात रक्ताचे दोन थेंब गेले की पेशी किती, त्यांचा आकार केवढा, एकेकीत रंग किती, असे सगळे आकडे छापून येतात. ते गोळा करून मला दोन रकान्यांत मांडायचे होते.

"सोपा विषय आहे," माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. "नमुने भरपूर मिळतील. वेळेत संपव."

सोमवारी आणि गुरुवारी मी डायलिसिसच्या वॉर्डात जायचे. तिथं खिडकीजवळच्या खाटेवर पन्नाशीचे एक गृहस्थ असायचे. कुपवाडला एमआयडीसीत त्यांनी सगळी उमेद लेथवर घालवली होती. डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हातातली शीर आणि धमनी जोडलेली होती. अशा हातावर बोट ठेवलं की कातडीखाली सतत घरघर लागते. पहिल्याच दिवशी त्यांनी हात पुढं केला.

"हात लावून बघा, मॅडम. मोटार चालू हाय."

मी दोन बोटं ठेवली. ते हसले. नवीन माणसाला ही गंमत दाखवायची त्यांना हौस होती.

त्यांना आणायची त्यांची मुलगी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. स्कूटीवर वडिलांना मागं बसवून आणायची, चार तास बाकावर बसून अभ्यास करायची आणि मधूनच उठून एका छोट्या वाटीनं त्यांना पाणी द्यायची. डायलिसिसच्या माणसाला पाणी मापानंच प्यावं लागतं. "आजून एक वाटी दे की गं," ते म्हणायचे. "उद्याची आज मागू नका, पप्पा," ती म्हणायची.

मी त्यांचंही रक्त नेलं. आकडे छापून आले आणि मला वाटलं, यंत्र बिघडलं. पेशीच्या आकाराचा जो आकडा ऐंशीच्या पुढं असायला हवा, तो त्रेसष्ट होता. पुन्हा लावलं, पुन्हा त्रेसष्ट. लोह कमी असलं तरी पेशी बारीक होतात, म्हणून फाईल काढून बघितली. लोहाची इंजेक्शनं चालू होती आणि साठा भरपूर होता. मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बारीक, फिक्या पेशी आणि त्यांतल्या कित्येकींच्या मधोमध गडद ठिपका. मुलांच्या वॉर्डातल्या थॅलेसेमियाच्या पट्ट्या बघून बघून हे चित्र मला पाठ झालं होतं. इथं ते सौम्य होतं, एवढंच. हा माणूस वाहक असावा. वाहकाला स्वतःला काही होत नाही. आयुष्य निघून जातं आणि त्याला पत्ताही लागत नाही.

मी सरांकडं गेले. ते परीक्षेच्या गडबडीत होते.

"किडनीचा पेशंट आणि वर थॅलेसेमिया मायनर? मग तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. वगळ."

"पण सर, घरच्यांना सांगायला..."

"रिपोर्टवर शेरा लिही. पुढचं त्यांचे डॉक्टर बघतील."

सर वाईट नव्हते. अभ्यासाच्या नियमानं ते म्हणाले ते बरोबरच होतं. मी त्या क्रमांकापुढं 'वगळला' असं लिहिलं आणि अहवालाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ टाकली: थॅलेसेमियाची वाहकता असण्याची शक्यता, पुढील तपासणी सुचवीत आहोत. अहवाल फायलीत लागला. डायलिसिसच्या माणसाच्या फायलीत कागदांना तोटा नसतो.

पुढच्या गुरुवारी ती मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. लग्न ठरलं होतं.

"आत्तीच्याच घरी, मॅडम. रहिमतपूरला. पप्पांची लय इच्छा हाय, ते हायत तवरच व्हावं अशी."

खाटेवरून ते म्हणाले, "भनीच्या घरी जातीया. मला घोर न्हाई आता."

मी पेढा हातात घेतला. सख्खी बहीण. म्हणजे यांच्या रक्तात जे आहे ते तिच्यात असू शकतं, तिच्या मुलात असू शकतं, आणि या मुलीतही. दोघंही वाहक निघाले, तर होणाऱ्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका. हा हिशेब मी तिथं उभ्या उभ्या केला. आणि नेमकं तेव्हाच तिनं विचारलं,

"पप्पांचं रक्त नेलं होतं न्हवं तुमी? काय निघालं त्यात?"

"काही विशेष नाही," मी म्हणाले. "रिपोर्ट फायलीत लावलाय."

का म्हणाले, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. तपासणी पक्की झालेली नव्हती. मी त्यांची डॉक्टर नव्हते, शिकणारी होते. लग्न मोडलं असतं, मुलीवर कायमचा शिक्का बसला असता. बाप हसत होता. यातलं एकही कारण खोटं नाही. पण तिनं मला सरळ विचारलं होतं आणि मी सरळ उत्तर दिलं नाही.

पेढा मी खाल्ला.

लग्न झालं. पाच-सहा महिन्यांनी एका सोमवारी खिडकीजवळच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. मी नर्सकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली. माझा प्रबंध वेळेत संपला. दोन्ही गटांतला फरक स्वच्छ दिसत होता. परीक्षकांनी कौतुक केलं.

पुढं साताऱ्यात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम चांगलं चाललं होतं. पण काही गोष्टी सुटेनात. भाजी चिरताना, एसटीत दांडा धरून उभी असताना उजव्या हाताच्या दोन बोटांत बारीक घरघर सुरू व्हायची. मी हात झटकायचे. बसस्थानकावर रहिमतपूरची पाटी लावलेली गाडी दिसली की मी खिडक्यांतले चेहरे बघत राहायचे. प्रयोगशाळेत लहान मुलाच्या नमुन्याची चिठ्ठी आली की आधी गाव वाचायचे, मग वय. रहिमतपूर असलं की पेशी मोजून होईपर्यंत खुर्चीत नीट बसवत नसे. दरवेळी साधा ताप निघायचा, जंत निघायचे. मी सुटल्यासारखी व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या घराचा पत्ता काढून जावं असंही मनात यायचं. इतक्या उशिरा काय म्हणून सांगायचं, असं म्हणून मी ते ढकलत राहिले. तेवढ्या काळात गेले असते, तरी उपयोग झाला असता.

तिसऱ्या वर्षी दुपारी एक चिठ्ठी आली. मुलगा, आठ महिने, रहिमतपूर. खाली बालरोगतज्ज्ञांनी लिहिलं होतं: खूप फिकट, प्लीहा वाढलेली. काचपट्टी लावली. शंका घ्यायला जागाच नव्हती.

मी उठून वॉर्डात गेले. ती बाकावर बसली होती. बाळ खांद्यावर पडलेलं, मेणासारखं. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मॅडम! तुमी सांगलीला होता न्हवं? आवं, ह्या मॅडम पप्पांच्या वॉर्डात यायच्या," ती नवऱ्याला म्हणाली. "आता बरं झालं बघा. वळखीचं माणूस भेटलं."

तो उजळलेला चेहरा मला अजून दिसतो.

दोघांचं रक्त तपासलं. दोघंही वाहक. मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं: बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागेल, साठणारं लोह काढायचं औषध रोज द्यावं लागेल, आणि हे आयुष्यभर. नवरा दूध डेअरीत कामाला होता, शांत माणूस.

"आमच्यात हे कुठनं आलं?" त्यानं विचारलं.

"तुमच्याकडं आईकडनं आलं असणार. हिच्याकडं वडिलांकडनं."

तिनं माझ्याकडं बघितलं. 

तीन आठवड्यांनी बाळाला रक्त चढवायला दोघं आली, तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात वडिलांची डायलिसिसची फाईल. माणूस गेला तरी तिनं ती जपून ठेवली होती. बाळाला रक्त लागल्यावर तिनं फाईल उघडून एक कागद माझ्यापुढं धरला. तळाच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"लग्नाच्या आदूगरची तारीख हाय ह्यावर."

"हो."

"मी विचारलं होतं तुमाला. पेढं घिऊन आले होते त्या दिवशी."

"विचारलं होतंस. मला तेव्हाच शंका होती. आणि मी काही विशेष नाही म्हणाले."

नवरा उठला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "चल. दुसऱ्या दवाखान्यात जाऊ."

"दुसरीकडं येळेवर रक्त मिळंल का?" ती म्हणाली. "बसा खाली."

तो बसला. बाळाच्या गालांवर हळूहळू रंग येत होता. मी निघावं की थांबावं, हे मला कळेना. मग तीच बोलली.

"तुमी एवढंच करा. रविवारी आमच्याकडं या. माझ्या नणंदंचं लग्न ठरत आलंय. फलटणचं स्थळ हाय. घरातल्या सगळ्यांचं रक्त बघा. आन् जे निघंल ते तोंडानं सांगा. लिवून न्हाई."

रविवारी नळ्यांचा डबा घेऊन मी रहिमतपूरला गेले. तिची आत्ती, म्हणजे आताची सासू, ओसरीवर बसली होती. भावासारखंच रुंद कपाळ, हसताना डावा डोळा तसाच बारीक होणारा. मी दंडाला पट्टी बांधली तशी तिनं विचारलं,

"माझ्या भावात जे होतं ते माझ्यात बी असंल म्हणता?"

"असेल असं वाटतंय."

"असू दे," ती म्हणाली. "त्येचं कायतरी माझ्याजवळ ऱ्हायलं म्हणायचं." आणि मग नातवाच्या पाळण्याकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले आणि जमिनीवर मांडी घालून एकेकाला सांगितलं. आत्ती वाहक. नणंदही वाहक. नणंद रडायला लागली. लग्न आता मोडणार, असंच सगळ्यांनी धरलं. मी म्हटलं, मुलाकडच्यांशी मी बोलते. गेले फलटणला. मुलगा सैन्यात होता, सुट्टीवर आला होता. मी समजावून सांगितलं की दोघांतला एकच वाहक असला तर बाळाला हा आजार होत नाही. त्याची आई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. तो म्हणाला, "मग माझं काढा की रक्त. तिथं तर दर वर्षी काढत्यात." त्याच्यात काही नव्हतं. लग्न झालं. त्या अर्ध्या तासात जे बोलले तेच त्या बापलेकीच्या कुपवाडच्या घरात तेव्हा बोलता आलं असतं. परतीच्या गाडीत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आजारी बाळाच्या आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं मला दुसऱ्याच महिन्यात फोन केला. तिसऱ्या महिन्यात पुण्याला जाऊन वारेचा तुकडा तपासला. निकाल आला. बाळाला आजार नव्हता, फक्त वाहकता होती. मुलगी झाली.

पहिला मुलगा आता साडेतीन वर्षांचा आहे. दर तीन आठवड्यांनी येतो, सुई टोचताना रडत नाही, पिशवी संपत आली की "झालं, झालं" म्हणून टाळ्या वाजवतो. त्याच्यासाठीचं रक्त मी स्वतः जुळवून बघते. त्याची आई माझ्याशी नीट बोलते, कामापुरतं. एकदा ती एकटी असताना मी माफी मागायला गेले. वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं हात वर केला.

"नगा, मॅडम. त्येनं माझं वझं कमी हुईत न्हाई. तुमचंच हुतंय."

तिनं मुलाच्या चपलांचे बंद लावले, धाकटीला काखोटीला मारलं आणि गाडी गाठायला गेली.

गेल्या महिन्यात धाकटीचं रक्त मोठ्या तपासणीला पाठवलं आहे. तिच्या हाडांतला मगज भावाशी जुळला तर तो त्याला देता येईल आणि कदाचित रक्त चढवणं कायमचं थांबेल. जुळेलच असं नाही. भावंडांतही बहुतेक वेळा जुळत नाही. हे मी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिस लागतील?"

"तीन आठवडे."

तीन आठवडे परवा संपले. निकाल अजून आलेला नाही.