घोंगडीचं इरलं

आजवर कुणालाच, अगदी बायकोलासुद्धा, न सांगितलेली गोष्ट आज सांगून टाकतो: त्या हिवाळ्यात माझी रजा मंजूर झाली होती. साहेबांनी अर्जावर सही करताना "मजा करा" असंही म्हटलं होतं. आणि तरी मी माझ्या मित्राला तोंडावर सांगितलं, की रजा नाकारली.

हा मित्र म्हणजे आमच्या बोईसरचा शिंपी. पालघरपासून तारापूरपर्यंत त्याच्याइतका जाणकार शिंपी झाला नाही, आणि त्यानं शिवलेला कपडा घालून सरळ उभा राहू शकेल असा माणूसही अजून जन्माला आलेला नाही. कारण त्याचं शास्त्रच वेगळं. तो राहतो जवळच्या पाम गावात, दुकान बोईसरला, आणि गिऱ्हाईक सगळं कारखान्यांतलं. अंगाला टेप लावणं त्याला माणसाचा अपमान वाटतो. तो फक्त विचारतो, "काम काय करतोस? करून दाखव." मग फिटर दुकानातच उकिडवा बसून हवेतले नट आवळतो, वेल्डर मान वाकडी करून दाखवतो, आणि हा लांबून एक डोळा मिटून बघतो. "कपडा उभ्या मानसाला शिवायचा नाय, कामातल्या मानसाला शिवायचा," हे त्याचं तत्त्व. त्यामुळे त्याचे बॉयलर सूट कामावर दुसऱ्या कातडीसारखे बसतात आणि सुटीच्या दिवशी हसू करतात. एका क्रेनवाल्यानं लग्नाचा सूट त्याच्याकडे टाकला. कॉलर अशी बेतली होती की नवरदेव सबंध लग्नभर मांडवाच्या छताकडे बघत होता. तक्रार करायला आला तर हा म्हणाला, "मंग? वर बगूनच तर पोट भरतोस ना?"

मी घाटावरचा, नोकरीसाठी इथं आलेला, तारापूरच्या एका कारखान्यातला कारकून. बोलायला कमी आणि ऐकायला बरा, म्हणून त्यानं मला मित्र केलं असावं. पेपर तो वाचत नाही, कटिंगचे नमुने कापायला वापरतो. (म्हणूनच तर हे लिहायचं धाडस होतंय.) रोज संध्याकाळी त्याच्या मशीनशेजारच्या स्टुलावर मी बसायचो आणि तो त्याची एकुलती एक हौस मला ऐकवायचा. "सायबा, जन्मात येकदा बर्फ बगायचाय. मावऱ्याच्या पेटीतला नाय, आभाळातून पडलेला." (मावरं म्हणजे मासळी.) वर्षानुवर्षं ऐकून एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "चल, यंदा हिमाचलला जाऊ." दोन तिकिटं काढली. त्यानं मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला तर हाफिसातल्या एशीत पन हुडहुडी भरते. तुला काय तरी शिवाया लागंल."

त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. डोंगराकडे तोंड करून एक बाई लोकरीची केप घालून उभी. पाठमोरी. केप म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. चित्र नीट न्याहाळून त्यानं निर्णय दिला, "आरं, ही तर आपलीच इरली हाय!" आता इरलं म्हणजे भातलावणीच्या वेळी डोक्यापासून कंबरेपर्यंत पाठीवर घेतात ते. पाठ झाकायची, पुढून सगळं उघडं, म्हणजे हात रोपं लावायला मोकळे. बर्फात कुणी भात लावत नाही, हा विचार त्याच्या शास्त्रात बसत नव्हता.

पालघरच्या एका प्रदर्शनातून त्यानं काळी, जाड घोंगडी आणली. महिनाभर गिऱ्हाईकांना हाकलत होता. घोंगडीत सुया मोडत होत्या, आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, डबा घेऊन आली की मला ऐकवायची, "भावजी, माजा येक पोलका दिवाळीपासून पडलाय, आन तुमच्यासाटी बगा कसा मेंडरू पाळलाय ह्यांनी!"

केप तयार झाली. वरती टोपीसारखी फुगीर, मागून कंबरेपर्यंत टणक, पुढून साफ उघडी. आत बॉयलर सुटाचं नारिंगी अस्तर. आणि पाठीवर आडवी, उजेडात चमकणारी रुपेरी पट्टी. "धुक्यात हरवलास तर गावशील," तो म्हणाला. मी ती घालून आरशासमोर छाती काढून उभा राहिलो. केप मागं अशी ताठ उभी राहिली की मी दरवाजात अडकलो. दुकानात आलेले दोन कामगार फिसकन हसले. "अरे, साहब तो कछुआ बन गये!"

मीही हसलो. मित्र मात्र गंभीर होता. "तसा उबा काय ऱ्हातोस? चाल. नेहमी चालतोस तसा चाल." मी चार पावलं टाकली. मान खाली, खांदे पुढे. आणि ती केप माझ्या पाठीवर तंतोतंत बसली. मी रस्त्यानं वाकून, जमिनीकडे बघत चालतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं ते कधीचं बघून ठेवलं होतं, आणि त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. मला दिसलं. पालघर स्टेशनवर ओळखीच्या माणसांदेखत मी असा कासव होऊन गाडीत चढणार, या कल्पनेनं मला आठ दिवस जेवण गेलं नाही. केप घरी ठेवून जावं तर याचा जीव दुखावणार. घालावी तर माझी अब्रू. ही अब्रू म्हणजे तरी काय, ज्या कारकुनाचं आडनाव गेटवरच्या वॉचमनला अजून विचारावं लागतं त्याची! पण तीच मी वाचवली. निघायच्या दोन दिवस आधी सांगितलं, रजा नाकारली.

तो म्हणाला, "नाय तर नाय. बर्फ काय पळून जातो?" मी म्हटलं, तू तरी जा. "येकटा बगून सांगू कोनाला? तुजी वयनी म्हनते, बर्फ बगायचा तर मच्छीबाजारात जावा."

त्यानं तिकीट रद्द केलं, पण साहेबांना सोडलं नाही. पुढं ते बिचारे त्याच्याकडेच सफारी शिवायला गेले, तर त्यानं उजवा हात फक्त सहीपुरता पुढं जाईल असा बेतला. झेंडावंदनाला साहेबांनी सलाम ठोकला आणि बगल फाटली. सगळा कारखाना हसला. मी हसलो नाही. ती उसवण माझी होती.

नंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात तो विचारायचा, "यंदा रजेचं काय?" आणि मी दर वर्षी नवी अडचण सांगायचो. खोटं एकदा बेतलं की त्याला दर वर्षी अस्तर लावावं लागतं. आता त्याला दम लागतो. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून तो आधी स्टुलावर बसतो, माझ्याच, आणि मग मशीनवर जातो. डॉक्टरांनी थंडी आणि उंच जागा, दोन्ही बंद केल्यात. यंदा त्यानं रजेचं विचारलं नाही. उलट मलाच म्हणाला, "तू तरी जाऊन ये, सायबा. आन मला सांग, पडताना त्याचा आवाज होतो का."

मी गेलेलो नाही. बर्फ आता मी त्याला दाखवू शकत नाही. रजा मिळाली होती, हे त्याच्यासमोर बसून सांगणं मात्र माझ्या हातात आहे, आणि तेवढं मी त्याचं अजून देणं लागतो.