चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी

बोईसरच्या आमच्या हॉस्पिटलात पित्ताशयातून निघालेले खडे प्लास्टिकच्या डबीत घालून नातेवाइकांना देतात. ते डबी घरी नेतात, शेजाऱ्यांना दाखवतात. किस्से मात्र वॉर्डातच राहतात. दीड वर्षात माझ्याकडे इतके साठलेत, की आता माझंच ऑपरेशन करावं लागेल!

आमचे सर्जन, म्हणजे सर, दुर्बिणीने पित्ताशय काढण्यात वाकबगार. पेशंटला सांगायचं त्यांचं वाक्य एकच: "चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी!" काय बिघडू शकतं, ते संमतीच्या फॉर्मवर असतं. बारीक अक्षरात, इंग्रजीत. मी नुकतीच एमबीबीएस झालेली, अंगात भलता उत्साह. त्या फॉर्मचं मी एका कागदावर साध्या मराठीत भाषांतर केलं. सहीआधी प्रत्येकाला वाचून दाखवायचंच, असं ठरवलं.

*

पहिलाच पेशंट तारापूरच्या कारखान्यातला, मूळचा बिहारचा. त्याला हिंदीत समजावलं. रक्तस्राव होऊ शकतो, पित्ताच्या नळीला इजा होऊ शकते, "लेकिन बहुत कम लोगों को होता है."

तो शांतपणे म्हणाला, "मैडम, वो कम लोग मैं ही हूँ. कंपनी में मशीन भी मेरी ही शिफ्ट में बंद होती है!"

चहा पिऊन येतो म्हणाला. हॉस्पिटलचा गाऊन सलाइनच्या स्टँडला टांगलेला सापडला. तो सापडला नाही.

सर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पेशंट बरे करायला आलात की पळवायला?" कागद सरांच्या ड्रॉवरमध्ये गेला.

*

मग केळव्याचे एक वाडीवाले काका. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा ठणकायला लागला. काकू माझ्यावर धावूनच आल्या.

"ऑपरेशन पोटाचं, नि दुखतो खांदा? टेबलावरून पाडलंत काय ह्यांना?"

मी सांगितलं, आतलं नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतात. त्याने एक-दोन दिवस खांदा दुखतो, मग आपोआप थांबतो. (हे कागदावर होतं. कागद ड्रॉवरमध्ये होता.)

काका डोळे न उघडता म्हणाले, "तुमचा गॅस तुमी काढून न्या. आमचा आमाला पुरतो!"

*

मासवणच्या एका बाईंचं पित्ताशय आतड्याला असं चिकटलं होतं, की सरांनी दुर्बीण बाजूला ठेवली आणि सरळ पोट उघडलं. तोच शहाणपणा होता. मी शेजारी उभी होते, पैजेवर सांगेन. पण बाहेर जावईबापू तयारच होते.

"चार भोकांचं ठरलं होतं ना? खिडकी सांगितलीत नि दरवाजाच पाडलात!"

सर मला म्हणाले, "त्यांना जरा समजावून सांगा."

"सर, कागद ड्रॉवरमध्ये आहे."

सिस्टरना एकदम खोकल्याची उबळ आली.

*

एकदा पित्ताशयाची पिशवी बाहेर काढताना फाटली आणि खडे पोटात सांडले. दिसले तेवढे सरांनी वेचले. बाहेर पेशंटच्या मुलाने डबीतले मोजले.

"सोनोग्राफीत सात होते. हे सहाच हायत."

"मशीनला कधीकधी एखादा जास्त दिसतो," सर म्हणाले.

"म्हणजे खोटं कोण, मशीन का डबी?"

*

आणि हिराबाई. एडवणच्या, मासे विकण्यात आयुष्य गेलेलं. सरांनी सुरुवात केली, "मावशी, चार भोकं, तिसऱ्या..."

"ते ऱ्हाऊ दे डाक्तर. पित्त फुटला तर?"

हे विचारणारं सरांना आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"जलम मासे कापण्यात गेला माझा," हिराबाई म्हणाल्या. "पित्त फुटला का मासा कडू. मग मी गिऱ्हाइकाला सांगते, हा नको नेऊ, दुसरा घे. लपवत नाय. माझा काय झाला तर मला सांगाल ना?"

"सांगेन, मावशी," सर हसत म्हणाले. हिराबाईंनी अंगठा दिला.

तिसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या वेळी पोटात ठेवलेल्या नळीला जोडलेल्या पिशवीत हिरवट-पिवळं उतरलं. आत पित्त गळत होतं. वेळेत थांबलं नसतं तर जिवावर बेतलं असतं.

"थोडं पाणी आलंय, मावशी," सर म्हणाले. "मुंबईला एक छोटी तपासणी करून घेऊ."

हिराबाईंनी पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. आणि मी, कागदवाली क्रांतिकारक, मन लावून केसपेपर वाचू लागले.

मुंबईला तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत बारीक नळी बसवली. गळती थांबली. दीड-दोन महिन्यांनी ती नळीही निघाली, आणि हिराबाई चालत आमच्या ओपीडीत आल्या. सरांच्या टेबलावर त्यांनी केळीच्या पानात बांधलेली पाच पापलेटं ठेवली.

"मुंबईला बेगीन धाडलंत म्हणून जगले. घरी न्या."

सर खूश. "अरे वा! साफ करून आणलेत?"

"केलेत ना. एकाचा पित्त फुटला."

"कुठल्याचा?"

हिराबाई उठल्या, पदर खोचला, रिकामी पाटी काखेत मारली.

"थोडं पाणी आलंय, डाक्तर."