मोजायच्या होड्या

छापखान्यातला लाकडाचा भुसा कितीही झाडा, कोपऱ्यात उरतोच. किश्श्यांचंही तसंच.

मी चित्रांचे लाकडी ब्लॉक कोरत असे. शिक्षण तिसरी. पण लहान मुलांसाठी गणिताचं नि विज्ञानाचं चित्रपुस्तक आमच्या अलिबागेकडे पहिल्यांदा कोणी केलं, असं विचाराल तर आम्ही तिघांनी. छापखाना इब्राहिमशेटचा, मजकूर लेले मास्तरांचा, चित्रं माझी.

मास्तरांची शाळा थळच्या वाटेवरच्या एका कोळीवाड्यात होती. शाळा तपासणाऱ्या डिपटी साहेबांनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला मुलांना काही आलं नाही तर शाळा बंद. पुस्तक केलं ते त्यासाठी.

*

त्याआधी मास्तरांनी मुंबईहून एक अंकांचं पुस्तक आणलं होतं. पहिल्याच पानावर सफरचंद. मुलं त्याला जाम म्हणाली, आमच्याकडचं ते लालसर पाणीदार फळ. हे थंड मुलखातलं फळ, असं मास्तरांनी समजावलं.

एक पोरगी म्हणाली, "मग थंड मुलखातल्यांना मोजू दे."

मास्तर तसेच उठून छापखान्यात आले.

*

ब्लॉक उलटा कोरावा लागतो, तेव्हा छाप सुलटी उठते. माझा थोरला भाऊ मदतीला होता. त्याने शंख सुलटाच कोरला. छापून आला तो उजव्या वळणाचा, लाखात एखादा मिळतो तसला! मास्तर कपाळाला हात लावून बसले. गावच्या भटजींनी मात्र तेच पान मागून नेलं आणि देवघरात लावलं.

इब्राहिमशेट भावाला म्हणाले, "बिगडलेला माल देवघरात खपला. आता नीट कोर, शाळेत खपवायचा हाय."

नवा शंख मी कोरला. त्यात कोणाला खोट काढता आली नाही.

*

एका पानावर काय तरंगतं, काय बुडतं ते होतं. नारळ तरंगतो, दगड बुडतो. शेवटी आगबोट. एवढी लोखंडाची आगबोट का बुडत नाही, असं मास्तरांनी विचारलं.  मागून एका पोराचं उत्तर आलं, "तिला तांडेल हाय." तांडेल म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी परातीत पाणी घेतलं. पितळेची वाटी अलगद ठेवली, तरंगली. तीच वाटी तिरकी करून सोडली, बुडाली. आता आत पाणी शिरल्याचं सांगणार, तेवढ्यात कालचा तो पोरगा बोलला, "बगा. तुमी हात सोडलात."

*

होड्यांचं पान मी कोरलेल्यांत सर्वांत चांगलं. सगळ्या होड्या रेतीवर ओढून ठेवलेल्या. मुद्दाम.

तपासणीच्या दिवशी मी वर्गात मागे भिंतीशी उभा होतो. डिपटी साहेबांनी सरी नावाच्या पोरीला उठवलं. तिने पानावरच्या होड्या घडाघडा मोजल्या. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, आज गावातून किती होड्या समुद्रावर गेल्यात?

सरी गप्प. इतरांना विचारलं. सगळे गप्प.

साहेब म्हणाले, "पोपटपंची आहे मास्तर. चित्र पाठ आहे, मोजता येत नाही." आणि टोपी उचलली.

मास्तर दारापर्यंत मागे गेले. कोळीवाड्यात बाहेर गेलेली होडी मोजत नाहीत, मोजली की एक कमी परत येते असं मानतात, हे त्यांनी सांगून पाहिलं. साहेबांना ती सबब वाटली. टांगा दाराशी उभा होता. 

तेवढ्यात सरी जागेवरूनच म्हणाली, "मला येतंय. पन बा अजून बाहेर हाय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.  मग टांगेवाल्याला म्हणाले, "घोडा सोड."

दिवस कलताना शिडं दिसली. एकेक होडी रेतीला लागली. सरी खाली किनाऱ्यावर उभी होती. शेवटच्या होडीतून तिचा बाप उतरला. तशी ती धावत शाळेच्या ओट्यावर आली.

"सायेब, आता इचारा."