लाल पाण्याचा पेला

"वर्षाचं तिखट इथूनच ने. बाजारच्यात रंग असतोय," आत्या फोनवर म्हणाली आणि फेब्रुवारीअखेर मी सोलापूरहून तिच्या गावी, मंठाळला निघाले. मला घाबरायला कारण लागत नाही, म्हणून थांबे आधीच लिहून घेतले होते. उमरग्यात बस बदलायची, बसवकल्याणला उतरायचं, पुढं टमटम. एका माणसाचं तीनशेच्या आत भागतं. महामार्ग छान आहे; शेवटच्या टप्प्यात मात्र नाकाला रुमाल हवा. वाळत्या मिरचीचा खकाणा वेशीबाहेरच गाठतो.

दुपारचं गाव विलक्षण गप्प होतं. छतांवर, अंगणांत, रस्त्याकडेला नुसत्या मिरच्या. बायका डोळ्यांपर्यंत पदर बांधून त्या खालीवर करत होत्या. प्रत्येक पदरामागून खोकला यायचा, शब्द नाही. त्यांतल्याच एकीनं माझा हात धरला, तेव्हा कळलं, ही आत्या.

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं हिनंच शिकवली. तिचं म्हणणं खोडायची मला सवय नाही. हे आधीच सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा असं जेवण झालं. उठता उठता आत्याचे यजमान, अप्पा, छाती धरून खाली बसले.

"काय व्हायलंय?" आत्यानं विचारलं.

"जड वाटायलंय. दगड ठेवल्यावानी."

आत्यानं कोमट पाण्यात चमचाभर लाल तिखट कालवलं. "मोबाईलवर आलंय. यानं रक्ताच्या नळ्या उघडत्यात, अटॅक जागीच थांबतंय."

"आत्या, दवाखान्यात जाऊ या ना."

"कामून घाबरायलीस? बघ तर."

अप्पांनी पेला रिकामा केला. त्यांचा चेहरा गळ्यापर्यंत लाल झाला, कपाळावर घाम आला. ते हसले. "चाळीस वर्षं तिखटच पाजायलीय ही मला. मोकळं वाटायलंय आता."

मलाही वाटलं, निभावलं. वीस मिनिटं मी तशीच बसून राहिले. मग सहज त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता, रांजणाच्या तळासारखा गार आणि ओला. वर लालबुंद चेहरा हसत होता; खाली हात जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

शेजाऱ्यांच्या गाडीनं आम्ही गुलबर्ग्याला निघालो. वाटेत अप्पांनी डोळे मिटले. लाली मात्र उतरेना. मी त्यांच्या नाकाशी बोट धरून बसले.

अप्पा वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. तिखटातलं कॅप्सेसिन मज्जातंतूंची टोकं चेतवतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून लाली आणि घाम. रोजच्या जेवणातल्या तिखटानं रक्तवाहिन्यांचं भलं होतं का, यावर संशोधन चालू आहे. पण गुठळीनं बंद झालेली धमनी त्या पाण्यानं उघडत नाही. "लवकर आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्या वीस मिनिटांबद्दल मी त्यांना सांगितलं. आत्याला नाही.

सोलापुरात तिखटाची पिशवी अजून तशीच बांधलेली आहे. परवा आत्याचा फोन आला.

"पाणी पाजलं म्हणूनच गुलबर्ग्यापर्यंत तग धरला की न्हाई गं त्यांनी?"

"न्हाई, आत्या," मी म्हणाले. "त्यानं आपला वेळ गेला. मीही वीस मिनिटं नुसती बसून राहिले."



"मग गावात मीच सगळ्यांला सांगितलंय की. घरोघर उशाशी तिखटाची पुडी ठेवायलेत."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

ती एकेक नाव घेऊ लागली, प्रत्येकाला फोन करून खरं सांगायचं म्हणून मी लिहू लागले. पान भरल्यावर ती थांबली. मग हळूच म्हणाली, "थांब, निंबर्ग्याचे पाव्हणे राहिलेत."