मागे जागा आहे

गोरखचिंचेच्या थांब्यावर आता गोरखचिंच नाही. रस्ता पहिल्यांदा रुंद झाला तेव्हाच ती गेली. पण दार-एस-सलाममध्ये झाड गेलं म्हणून नाव जात नाही. फक्त ते नाव रोज कुणीतरी मोठ्यानं घेत राहावं लागतं. या थांब्यापुरतं ते काम शोमारी करतो.

शोमारी डबा बडवणारा. या धंद्याला शहरात असंच म्हणतात. हातात डबा वगैरे काही नसतो. डालाडाला, म्हणजे आपली प्रवाशांची छोटी बस, थांब्याला लागली की तिच्या पत्र्यावर तळहाताची थाप मारायची, ती कुठं जाणार ते ओरडायचं, माणसं आत कोंबायची, आणि गाडी भरून हलली की ड्रायव्हरनं खिडकीतून टाकलेलं नाणं झेलायचं.

तरुणपणी तो किसारावेकडच्या खेड्यातून आला. तिकडं लग्नात ढोल सुरू झाले की पहिलं गाणं उचलायला शोमारीलाच बोलवत. शहरात लग्नं पुष्कळ होती, पण तिथं गाणारे ध्वनिवर्धकाच्या पेटीतून यायला लागले होते. मग हा गळा रस्त्यावर आला. रस्त्यालाही त्यानं मांडवासारखंच वागवलं. 'करिआकू', म्हणजे शहरातला मोठा बाजार, म्हणताना तो शेवटचा ऊकार लांबवत नेई, इतका की पलीकडच्या गल्लीतला माणूस तो धरून धावत यावा. 'पोस्टा', म्हणजे टपाल कचेरीचा थांबा, मात्र ताडकन तोडायचा. ओझं घेऊन दमलेली बाई दिसली की आवाज खाली, जवळजवळ घरच्यासारखा. आणि सगळ्याच्या शेवटी, गाडी कितीही भरलेली असो, एकच वाक्य: "मागे जागा आहे! मागे जागा आहे!"

मागे जागा कधीच नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाटकाच्या पडद्यावर बाग रंगवलेली असते म्हणून तिथं फुलं तोडायला कुणी जात नाही, तसंच हे. लोक ते वाक्य ऐकायचे, हसायचे आणि चढायचे.

थांब्याच्या कडेला न्यामिझीची चूल. खड्ड्याखड्ड्यांच्या तव्यात ती तांदळाचे गोड आप्पे काढते, वेलची घातलेले. शोमारी झारामो, किनाऱ्याकडचा. न्यामिझी न्यामवेझी, आतल्या मुलखातली. या दोन जमातींत जुनं थट्टेचं नातं आहे. समोरच्याला वाटेल ते बोलायचं आणि समोरच्यानं हसायचं. रागावला तो हरला, एवढंच नाही, रागावला तो बेअब्रू झाला.

"उठलास का रे?" ती सकाळी विचारी. "मला वाटलं झारामो माणूस रात्रीच्या लग्नातून अजून परतला नसेल."

"तू कशी उठलीस? हस्तिदंत वाहून मान दुखत असेल. तुमच्या पणज्यांनी आमच्या किनाऱ्यापर्यंत ओझी आणली, अजून पाठ सरळ होत नाही तुमची."

"पणज्यांनी वाहिली म्हणून तुम्हाला बसून खाता आलं. घे, खा. नाहीतरी दुसरं काय येतं तुला?"

आणि ती आप्पे पुढं करी. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. शोमारीची बायको वारली तेव्हा अंत्यविधीला न्यामिझीच वाटेत आडवी झोपली होती, रिवाजाप्रमाणं. थट्टेचे सोयरे मयताच्या घरी मेलेल्याची नक्कल करतात, वाट अडवतात, हक्काचं काहीतरी हातावर पडल्याशिवाय उठत नाहीत. रडणाऱ्यांना हसवणं हे त्यांचं काम. ते उठेपर्यंत त्या अंगणात कुणी कुणाशी भांडत नाही, हाही रिवाजच.

मागं राहिली मुलगी, सिकुझानी. ती शहराच्या मध्यावरच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात कामाला आहे. रोज उजाडताना ती थांब्यावर येते, गाडी तुडुंब भरलेली असते, आणि तिच्या पाठीला हात लावून तिला आत ढकलतो तो शोमारीच. दार लागत नाही. सिकुझानी एका पायावर, एका बोटावर लटकून जाते, आणि मागून बापाचा आवाज येतो: "मागे जागा आहे!"

एकदा संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून ती म्हणाली होती, "बाबा, कधीतरी आतून बघा." तो हसला होता. तीही हसली होती. विषय तिथंच मिटला.

मग बातमी आली. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर जलद बससाठी जी राखीव मार्गिका केली आहे ती आता या रस्त्यावरही वाढवायची, असा विचार होता. मधोमध बसची वाट, दोन्ही बाजूंना कठडे, थांब्याच्या जागी छप्पर असलेलं स्थानक. डालाडाला गाड्या आतल्या गल्ल्यांत जाणार. आणि स्थानकाचं नाव पेटीतून एक बाई सांगणार. हे शेवटचं चांडेनं सांगितलं. चांडे डालाडाला चालवतो. ड्रायव्हर लोकांत त्याचा शब्द चालतो.

"लोकांची मतं विचारायला महापालिकेची बाई येतेय," तो म्हणाला. "शाळेच्या पटांगणात सभा आहे. आमच्यातर्फे तुम्ही बोला, बाबा."

"मी? मला काय बोलता येतं?"

"अहो, सगळ्या रस्त्यात तुमच्याएवढा आवाज कुणाचा आहे? आम्ही बोललो तर म्हणतील, यांच्या पोटावर पाय येतोय म्हणून ओरडतात. तुम्ही म्हातारे, लोक मानतात. फक्त एवढंच म्हणा: रस्ता आहे तसा बरा आहे."

शोमारीला ते पटलंही होतं. थांबा गेला तर तो कुठं जाणार? आतल्या गल्लीत थांब्यांना नावं नव्हती, आणि त्याच्या वयात दुसरा धंदा कुणी देत नाही. घरी त्यानं सिकुझानीला सांगितलं.

"बोला ना," ती म्हणाली. "तुमचं मत तुम्ही सांगा. मी मात्र मार्गिकेच्या बाजूनं हात वर करणार. राग मानू नका."

"तुझ्यावर राग? न्यामवेझीचं ऐकून घेतो, मग तुझं का नाही?"

सभा दुपारच्या नमाजानंतर भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक आंब्याच्या मुळांवर बसले. महापालिकेच्या बाईचं नाव अनेथ. तरुण, नीटनेटकी, ऊन डोळ्यांवर येतंय तरी जागा न बदलणारी. "इथं बरोबर-चूक काही नाही," ती म्हणाली. "वाटेल ते सांगा. मी लिहून घेते."

पहिला उठला बटणांच्या दुकानाचा मालक. "मार्गिका मधोमध. म्हणजे समोरचं गिऱ्हाईक माझ्याकडं यायला पूल चढणार, पूल उतरणार. माझ्याकडं बटणं मिळतात, बाई, सोनं नाही!"

शाळेतले मास्तर म्हणाले, "मार्गिका झालीच पाहिजे. पोरांना तिकीट कमी, म्हणून डालाडालावाले त्यांना चढूच देत नाहीत. पहिल्या तासाला माझ्यासमोर अर्धा वर्ग असतो."

"मास्तर, तुमची पोरं दप्तरासकट दोघांची जागा खातात!" मागून एक कंडक्टर ओरडला.

मोटरसायकलवरून प्रवासी नेणारा एक जण म्हणाला, "करा, नका करू, माझं काही नाही. फक्त मला त्या मार्गिकेतनं जाऊ द्या."

"तसं होऊ नये म्हणूनच ती असते," अनेथ म्हणाली, आणि सगळं पटांगण हसलं.

न्यामिझीला विचारलं तेव्हा ती खांदे उडवून म्हणाली, "माझी चूल डोक्यावर मावते. जिथं भुकेली माणसं तिथं मी. माझं नका लिहू, या झारामो माणसाचं लिहा. त्याला थांब्याच्या खांबाशिवाय उभं राहता येत नाही."

मग चांडेनं शोमारीला पुढं केलं.

त्यानं ध्वनिक्षेपक हातानं बाजूला सारला. टोपी सारखी केली. समोर एवढी माणसं एका जागी, त्याच्याकडं तोंड करून बसलेली, लग्नाच्या मांडवानंतर आजच दिसत होती. त्यानं श्वास भरून घेतला. आणि गळ्याला जी सवय होती तीच झाली. हात आपोआप समोरच्या टेबलावर पडला, सणसणीत, पत्र्यावर पडावा तसा, आणि आवाज निघाला: "करिआकूऽऽ! करिआकू, पोस्टा! मागे जागा आहे!"

पटांगण उसळलं. दोन बाया सवयीनं खुर्चीवरून अर्ध्या उठल्यासुद्धा, आणि मग एकमेकींकडं बघून पोट धरून बसल्या.

"बघा, बघा!" न्यामिझीनं टाळी वाजवली. "एकच वाक्य येतं त्याला, आणि तेही खोटं!"

शोमारीही हसला. हसता हसता त्याची नजर शेवटच्या रांगेमागं गेली. सिकुझानी कामावरून थेट आली होती, पांढऱ्या कपड्यांत. तिला खुर्ची मिळाली नव्हती. ती झाडाला टेकून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभी होती.

हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. गर्दीला कधी थांबू द्यायचं हे त्याला कळत होतं. ते काही विसरत नाही माणूस.

"बाबा, तुमचं मत?" अनेथनं विचारलं.

"जागा नाही," शोमारी म्हणाला.

आवाज खाली होता. ओझं घेतलेल्या बाईशी बोलताना असायचा तो.

"मागे जागा नाही. पुढंही नाही. कधीच नव्हती. ओरडणं माझं काम, म्हणून मी ओरडत आलो. माझी पोर रोज दाराला लटकून जाते आणि तिला आत ढकलणारा हात माझाच असतो. गाड्यांनाही जागा नाही, माणसांनाही नाही. मार्गिका करा."

"बाबा!" चांडे ओरडला.

"आणि तुमचं काम?" अनेथनं मान वर केली.

"माझं काम जाईल. तेही लिहा. वर लिहा, मार्गिका करा. खाली लिहा, शोमारीचं काम जाईल. एकच लिहून दुसरं गाळू नका."

ड्रायव्हरांच्या बाजूला खुर्च्या सरकल्या. चांडे माणसं बाजूला करत पुढं आला. "विकलंस आम्हाला, म्हाताऱ्या! आमच्याच नाण्यांवर जगलास आणि आज आमचाच गळा कापतोस?" त्याच्यामागं आणखी चार-पाच जण. सिकुझानी झाडापासून निघाली, पण मध्ये गर्दी होती.

तिच्याआधी न्यामिझी पोचली. तिनं अंगावरचा कांगा, फुलाफुलांचा तो कापडी पंचा, ओढून काढला आणि शोमारीच्या डोक्यावरून टाकला.

"मेला!" तिनं हंबरडा फोडला. "अगं बाई गं, मेला! गोरखचिंचेचा थापाड्या मेला! पहिल्यांदा खरं बोलला आणि त्या धक्क्यानंच गेला!"

शोमारीनं क्षणभरही विचार केला नाही. तो सरळ जमिनीवर आडवा झाला, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. कांग्याला तेलाचा आणि वेलचीचा वास होता.

न्यामिझी चांडेच्या पायांसमोर पसरली. "मी त्याची थट्टेची सोयरी! मयत माझं आहे! माझा हक्क दिल्याशिवाय कुणी एक पाऊल टाकायचं नाही!" मग उठून बसली आणि शोमारीची नक्कल सुरू केली, हात जमिनीवर आपटून, मान वेळावून, "कबरस्तानऽऽ! कबरस्तान, कबरस्तान! या, या, मागे जागा आहे!"

म्हातारे आधी हसले. मग मास्तर. मग ड्रायव्हरांतलाच एक जण फुटला, आणि मग कुणाला आवरेना. अनेथनं पेन खाली ठेवलं होतं. तिच्याही आजोळी अशी सोयरीक असणार, कारण ती तोंडावर हात धरून हसत होती.

चांडे तसाच उभा होता, मुठी वळलेल्या. पण वाटेत थट्टेची सोयरी आडवी पडल्यावर भांडता येत नाही. आईबापांनी शिकवलेल्या माणसाला तरी नाही. त्यानं शेवटी खिसा चाचपला आणि नाणं तिच्या हातावर टाकलं.

"घे. आणि उठव त्याला."

"उठवायला मला येत नाही, बाबा. मी पुरायची कामं करते."

चांडे न हसताच वळला. तो गेला. त्याच्यामागून इतरही गेले. सभा संपली. अनेथनं दोन्ही वाक्यं लिहिली का, हे शोमारीनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो नेहमीसारखा खांबाशी उभा राहिला. पहिली डालाडाला त्याला ओलांडून पुढं जाऊन थांबली. तिचा कंडक्टर स्वतःच ओरडत होता, वाईट, नाकातून. दुसरीनंही तेच केलं. रोज सकाळी ड्रायव्हर खिडकीतून 'शिकामू' म्हणत, वडीलधाऱ्यांना करायचा तो नमस्कार. आज कुणी म्हटलं नाही. शोमारीचा हात दोनदा वर गेला आणि थापेला पत्रा न मिळता खाली आला.

न्यामिझीनं आप्पे दिले. तिनं न बोलणं हेच त्याला जड गेलं.

"काय गं, जीभ पण ओझ्याबरोबर उतरवून ठेवलीस का?"

"मेलेल्यांशी बोलत नाही मी."

तेवढ्यात चांडेची गाडी आली. सिकुझानी थांब्यावर येऊन उभी राहिली होती. गाडी ओलांडून गेली नाही. बरोबर खांबासमोर थांबली. चांडेनं खिडकीतून खाली पाहिलं.

"मेलेल्या माणसांना इथं उभं राहायची परवानगी कुणी दिली?"

"पुरणारीनं अर्धंच पुरलं," शोमारी म्हणाला. "म्हणते, नाणं कमी पडलं."

"खरंच कमी होतं," न्यामिझी तव्यावरून म्हणाली. "बाकीचं दे, पुरं करते."

चांडेचा चेहरा हलला, हसू नव्हतं ते, पण हलला. त्यानं रस्त्याकडं बघत म्हटलं, "शिकामू, बाबा."

"मराहाबा," शोमारीनं नमस्कार घेतला.

"मार्गिका आली की बघू कुठं जायचं ते. तोवर गाडी भरा."

शोमारीनं थाप मारली. पत्रा वाजला तसा त्याचा गळा उघडला. "करिआकूऽऽ! करिआकू, पोस्टा!" गल्लीतून माणसं धावत आली, पायऱ्यांवर चढली, दाराशी दाटली. सिकुझानी शेवटची होती. एक पाय वर, एक खाली. ती वळून बापाकडं बघत राहिली.

सवयीचं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यानं ते गिळलं, श्वास घेतला, आणि ऊकार लांबवावा तसं दुसरंच लांबवलं: "उभं राहायलाऽऽ जागा आहे! एका पायाला जागा आहे!"

"अहो बाबा, धंदा बुडवता का?" चांडे ओरडला.

पण लोक हसले आणि तरीही चढले. शोमारीनं मुलीच्या पाठीला हात लावला, आत ढकललं, आणि खिडकीतून आलेलं नाणं झेललं.