जुमानं घ्यायला लावलेलं नाव

लेकाकडे ओमानात, सीबला आलोय. आज रस्त्यावर वेल्डिंगचा जळका वास आला आणि तरुणपणी राबलो ते इथल्याच सोहारचं वर्कशॉप आठवलं.

तिथला मुकादम झांजिबारच्या जुमाला आणि मला एकच हाक मारायचा, “ए काळ्या!” एकदा जुमा वळला नाही, म्हणून मुकादमानं त्याच्या थोबाडीत मारली. जुमानं मुकादमाची मानगूट धरून त्याचं तोंड पत्र्यावर आपटलं. नाकातनं भळाभळा रक्त.

“नाम बोल मेरा!”

“जुमा,” मुकादम रडला.

“अब इसका!”

माझं नाव त्याला ठाऊकच नव्हतं. नोकरी जाईल म्हणून मी मागे सरकलो.

जुमा माझ्यावरच खेकसला, “बाप ने नाम नहीं रखा क्या?”

“गणपत!” मी घसा फाटेस्तोवर ओरडलो.

नोकरी दोघांचीही गेली. तेव्हा जुमाला शिव्या घातल्या. आता या काळ्या कातडीकडे बघून मिशीला पीळ देतो.